फुगलेल्या शिरा, बारीक छिद्र

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत, शहरातल्या महाद्वार रोडच्या दुकानांत माणसं दिवसभर उभी असतात. पायातलं रक्त पोटरीचे स्नायू वर ढकलतात. शिरेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. तासन्‌तास उभं राहून या झडपांवर ताण येतो; त्या निकामी झाल्या की रक्त साचतं, शिरा फुगतात. त्यावर आता बहुतेकदा मोठी चिरफाड लागत नाही. जागेपुरती भूल देऊन, सोनोग्राफीत पाहत, सुईच्या छिद्रातून शिरेत बारीक तार सरकवतात. लेझरची किंवा रेडिओलहरींची उष्णता (दुसऱ्या पद्धतीत सुमारे १२० अंश सेल्सिअस) शीर आतून बंद करते. रक्त खोलवरच्या निरोगी शिरांकडे वळतं.

रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी जातो. पण ‘आराम कर’ म्हणून घरच्यांनी त्याला निजवून ठेवू नये. गुठळी टाळायला चालणंच हवं. दाबमोजे डॉक्टर सांगतील तितके दिवस. थोडी ओढ, काळेनिळे डाग ओसरतात. पोटरी एकाएकी सुजली किंवा धाप लागली, तर तडक रुग्णालय गाठा.