गोधडीवर नाव कोणाचे?

राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक व्यक्तीच्या कामाला एक संकेतांक दिला जातो. त्यांपैकी ९३ हा संकेतांक घरकाम सांभाळून शिवाय सरपण गोळा करणे, घरच्यांसाठी शिवणकाम किंवा विणकाम करणे अशी कामे करणाऱ्यांसाठी आहे. हा संकेतांक ज्यांच्या वाट्याला येतो त्यांची गणना श्रमशक्तीत होत नाही. गंमत अशी की, राष्ट्रीय हिशेबाची जी आंतरराष्ट्रीय पद्धत १९९३ साली ठरली, तिच्यानुसार घरच्या वापरासाठी तयार केलेली वस्तू उत्पादनाच्या कक्षेत येते. घरच्यांसाठी केलेली सेवा तेवढी येत नाही. म्हणजे गोधडी हे तत्त्वतः उत्पादन ठरते, आणि ती शिवणारी बाई मात्र कामकरी ठरत नाही. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखवून दिले होते की, एखाद्या गृहस्थाने आपल्या घरकामाच्या बाईशी लग्न केले तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. हे उदाहरण वर्गात सांगितले की विद्यार्थी हसतात. गोधडीचे उदाहरण सांगितले की हसत नाहीत, कारण बहुतेकांच्या घरी ती असते.

ती कोणी शिवली, असे विचारले तर ‘आजीने’ असे उत्तर येते. हे उत्तर बहुधा अपुरे असते.

अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांत १८४० च्या सुमारास मैत्रीच्या गोधड्यांची मोठी लाट आली होती. एखादे कुटुंब पश्चिमेकडे दूर निघाले, की शेजारणी व नातलग बायका एकेक चौकोन शिवून त्यावर आपले नाव घालीत. कापड न खाणारी पक्की शाई त्याच सुमारास सहज मिळू लागली होती, हेही त्यामागचे एक कारण. या गोधड्यांवरील नावांवरून तेथील अभ्यासकांनी जनगणनेच्या याद्या, चर्चची दप्तरे आणि थडग्यांवरचे लेख धुंडाळून एकेका बाईचा माग काढला आहे. या खटाटोपाचे मोल कळायला एकच गोष्ट पुरे. १८४० पर्यंतच्या अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई, बाकी माणसे म्हणजे रकान्यातले आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव येऊ लागले; गुलामांची नावे तेव्हाही आली नाहीत. सरकारने ज्यांना नाव दिले नव्हते अशा कित्येक स्त्रियांचे नाव त्या काळात गोधडीवर मात्र आहे.

आपल्याकडच्या गोधडीवर नाव नसते. पण ती एकटीची असते असेही नाही. जुने लुगडे खाली अंथरायचे, त्यावर धोतरांचे, परकरांचे, सदऱ्यांचे तुकडे नीट पसरायचे, वर पुन्हा लुगडे घालायचे, आणि चारी बाजूंनी बसून धावदोरा घालीत मध्याकडे यायचे. हे काम एका बाईला जमते, पण महिना लागतो. चौघी बसल्या तर काही दुपारी पुरतात. तुकडे तरी एका घरात कुठले पुरणार? ते शेजारून येत. बाळाला नवे कापड टोचते म्हणून दुपट्यासाठी मऊ झालेले जुने कापड मागून आणण्याची रीत तर सर्वत्र होती. तेव्हा एकेक गोधडी म्हणजे पाच-सात घरांचा आपसांतला व्यवहार असे. या व्यवहाराची नोंद कोणत्याही वहीत नाही. ती कापडातच शोधावी लागते.

आमच्या घरी आगाशीजवळच्या वाडीतून आलेली अशी एक गोधडी आहे. ती माझ्या वडिलांच्या बारशासाठी, म्हणजे १९५१ साली शिवली, असे घरात सांगत आले आहेत. गेली दोन वर्षे सवड मिळेल तशी मी तिची माहिती गोळा करीत आहे, आणि या कामात अर्थशास्त्राचा उपयोग अपेक्षेपेक्षा जास्त झाला. १८८९ च्या व्यापारी चिन्हांच्या कायद्याने गिरणीच्या तागांवर लांबीचा छाप मारणे बंधनकारक केले होते. ती लांबी वारात असे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने दशमान पद्धत आली आणि वाराची जागा मीटरने घेतली. आमच्या गोधडीच्या उसवलेल्या कडेतून दिसणाऱ्या मांजरपाटाच्या एका तुकड्यावर पुसट छाप आहे आणि तो मीटरचा आहे. त्याच्या खालच्या थरात मात्र जाडेभरडे, विटके कापड आहे. १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले, त्या टंचाईच्या वर्षांत चिंधीही टाकवत नसे, असे जुनी माणसे सांगतात. ते कापड त्या काळचे असावे असा माझा तर्क आहे. याचा अर्थ, घरातली गोष्ट खोटी नाही, पण अर्धीच आहे. गोधडी १९५१ साली शिवली असेलही. दहाएक वर्षांनी तिच्यावर नवा थर चढला, आणि तो चढवणाऱ्या बायका सगळ्या त्याच नव्हत्या.

हे टाक्यांवरूनही कळते. धावदोऱ्याला हस्ताक्षरासारखे वळण असते. एकीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दुसरीचा बोटाच्या पेराएवढा. एका कडेचे टाके उलट्या दिशेला झुकलेले आहेत. तिथे डावखुरी बाई बसली असणार. असे पाच हात मला ओळखता आले. सहाव्याबद्दल खात्री नाही.

हातांना नावे देणे हे काम फार कठीण आहे. आमच्या वाडीतल्या नव्वदीच्या एका आजींना मी ती डावखुरी बाई कोण म्हणून विचारले. ‘‘अगं, ती थोरल्याची आई. तिचाच तो हात.’’ नाव काय त्यांचे? आजी थोडा वेळ थांबल्या. ‘‘नाव कोण घेतंय? सासरी ठेवलेलं वेगळं, माहेरचं वेगळं. आम्ही थोरल्याची आईच म्हणायचो.’’ लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची आपल्याकडची प्रथा शोध घेणाऱ्याच्या वाटेत अशी आडवी येते. माहेरच्या गावी विचारावे तर एक नाव, सासरच्या कागदावर दुसरे, आणि बोलण्यात दोन्ही नाहीत. हा केवळ आमच्या वाडीचा प्रश्न नव्हे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी अमक्याची आई, तमक्याची बायको एवढीच ओळख सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली होती. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडील राज्यांतल्या होत्या, हे खरे. पण आपण त्यावरून फार फुशारकी मारावी असे नाही.

वसईत मात्र एक वेगळी सोय आहे, आणि ती मला गोधडीनेच दाखवली. वरच्या थरात तांबड्या लुगड्याचा एक मोठा तुकडा आहे. तसे लुगडे आमच्या घरी कोणी नेसत नसे. ते या भागातील कुपारी ख्रिस्ती स्त्रियांचे. म्हणजे शेजारच्या ख्रिस्ती घरातून हे कापड आले, आणि आठवणीही त्याला दुजोरा देतात: पानवेलीच्या वाडीचा बांध दोन्ही घरांत सामाईक होता, आणि दोन्ही घरच्या बायका भाजीच्या टोपल्या घेऊन एकाच लोकलने मुंबईला जात. तिच्या नातवाने घरात जपलेला बाप्तिस्म्याचा दाखला काढून दिला. त्यात तिचे नाव आहे, आईचे आहे, बापाचे आहे आणि धर्ममातेचेही आहे. ज्या नावाने वाडीत तिला हाक मारीत, ते त्यात नाही ही गोष्ट वेगळी. आपल्याकडे जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ साली झाला. त्याआधीची नोंदणी तुटक. तीर्थोपाध्यायांच्या वह्या मुख्यतः पुरुषांच्या वंशावळीच्या. परिणामी आमच्या घरच्या गोधडीतल्या स्त्रियांपैकी जिचे पूर्ण नाव लेखी पुराव्यासह सांगता येते, ती एकटी ही शेजारीण आहे.

येथवरची हकीकत गोड वाटेल. तिचा दुसरा भाग तसा नाही. गोधडीच्या मध्यावरचे सर्वांत बारीक, सर्वांत सारखे टाके कोणाचे, याची चौकशी केली तेव्हा कळले की, ते मैत्रिणींपैकी कोणाचेच नव्हेत. वाडीत मजुरीला येणारी एक आदिवासी बाई दुपारच्या सुट्टीत ओटीवर बसून ते काम करी. मोबदला म्हणून तिला तांदूळ आणि जुने कापड मिळे. तेच कापड, जे एरवी गोधडीत गेले असते. तिचे नाव कोणालाच आठवत नाही. ‘थोरल्याची आई’ एवढी तरी ओळख इतरांना आहे, हिला तीही नाही. अमेरिकेच्या १८५० च्या याद्यांबद्दल वर लिहिले आहे ते वाचकांना येथे आठवेल. गोधडीभोवती मायेचे उबदार शब्द लिहिण्याची आपल्याकडे सवय आहे, मलाही ते वाचायला आवडतात, परंतु चारी कडांना कोण बसले आणि ओटीच्या खालच्या पायरीवर कोण बसले, याचा हिशेब त्या उबेत विरघळून जातो.

नाव घालणे आपल्या परंपरेत बसत नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातील एक प्रसिद्ध कांथा आहे. मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने ती आपल्या वडिलांसाठी केली आणि तसा मजकूर सुईदोऱ्याने तिच्यावर भरला. तिला अक्षर येत होते, एवढाच फरक. उत्तर कन्नडमधील सिद्दी स्त्रिया आपल्या कवंदीच्या कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुले लावून तिला पुरे करतात. हल्ली शहरांतील प्रदर्शनांत गोधड्या चांगल्या किमतीला विकल्या जातात आणि त्यांना चिठ्ठीही असते. माझ्या पाहण्यात आलेल्या चिठ्ठ्यांवर विकणाऱ्याचे नाव होते.

वसई-विरारमध्ये या कामाला घाई आहे. महापालिका २००९ साली झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. वाड्यांच्या जागी इमारती येत आहेत, घर बदलताना जुन्या गोधड्या सर्वांआधी टाकल्या जातात, आणि नव्या शिवाव्यात तर घरात सुती लुगडी उरलेली नाहीत. कृत्रिम धाग्याची साडी सुईखाली सरकते, घामही टिपत नाही. १९६० च्या आसपास ज्यांनी सुई धरली त्या बायका आज ऐंशीच्या पुढे आहेत. २०२४ साली राज्य शासनाने शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचे नाव घालण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्ह आहे, पण मागे तो कितपत पोचणार?

मागे जायचे तर महाविद्यालयांनी जावे. कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांकडून प्रकल्प म्हणून दरवर्षी तयार मजकुराची नक्कल करून घेण्यापेक्षा प्रत्येकाने घरच्या किंवा शेजारच्या एका गोधडीची नोंद करावी. रकाने थोडेच लागतील: कापड कोणाचे, टाका कोणाचा, माहेरचे नाव, सासरचे नाव, हाक मारण्याचे नाव, आणि मजुरी दिली असल्यास काय दिली. शेवटचा रकाना रिकामा सोडू देऊ नये. ‘काही नाही’ असे तरी लिहवून घ्यावे. पावसाळ्यापूर्वी गोधड्या उन्हात पडतात, म्हातारी माणसेही तेव्हा ओटीवर असतात. मे महिन्यातला एक आठवडा या कामाला पुरेल, आणि तोवर परीक्षाही आटोपलेल्या असतात.