जास्त चांगलं, पण कशापेक्षा?

आपण रोज दोन वस्तू ताडून पाहतो. कोणता बैल बरा, कोणतं बी चांगलं, हे ठरवतो. त्यासाठी आपली भाषा कशी चालते, ते पाहू या.

साल्हेरचा डोंगर उंच आहे. कळसूबाईचं शिखर साल्हेरपेक्षा उंच आहे. महाराष्ट्रात कळसूबाई सर्वांत उंच आहे. पाहा, 'उंच' हा शब्द तिन्ही वेळा तसाच राहिला. काम केलं ते 'पेक्षा' आणि 'सर्वांत' या शब्दांनी.

इंग्रजीची रीत वेगळी आहे. तिथे मूळ शब्दच बदलतो. उंच म्हणजे हाय. त्याहून उंच म्हणजे हायर. सर्वांत उंच म्हणजे हायेस्ट. चांगलं म्हणजे गुड. मग बेटर, मग बेस्ट. शब्द लांबलचक असला, तर तो बदलत नाही. त्याच्या आधी 'मोर' किंवा 'मोस्ट' लावतात.

आता 'फार' हा शब्द घ्या. 'फार चांगलं' आणि 'त्यापेक्षा फार चांगलं', दोन्हीकडे आपला 'फार' चालतो. इंग्रजीत मात्र 'व्हेरी गुड' म्हणतात, पण 'मच बेटर' म्हणतात. 'व्हेरी बेटर' म्हणत नाहीत. थोडं चांगलं असेल, तर 'अ लिटल बेटर'.

आपल्या 'पेक्षा'ला इंग्रजीत 'दॅन' म्हणतात. आपला 'पेक्षा' नावाच्या मागे लागतो. त्यांचा 'दॅन' नावाच्या आधी येतो.

हे कळून आपल्याला काय उपयोग? उपयोग आहे, बरं का! बियाण्याच्या पिशवीवर 'बेटर' छापलेलं असतं. दुकानदारही म्हणतो, "हे बी फार चांगलं." अशा वेळी दोन प्रश्न विचारावेत. कशापेक्षा चांगलं? आणि कितीनं चांगलं?

'फार' या शब्दाला माप नसतं. एकाचं फार ते दुसऱ्याचं थोडं. आकड्याला माप असतं. कळसूबाई १६४६ मीटर उंच, साल्हेर १५६७ मीटर. म्हणजे कळसूबाई ७९ मीटरनं उंच. इथे वादाला जागाच नाही.

बियाण्याचंही तसंच आहे. एकरी किती पोती जास्त, आणि कोणत्या वाणापेक्षा, हे विचारावं. नीट उत्तर मिळालं, तर मग घ्यायचं की नाही ते ठरवावं. उत्तर मिळालं नाही, तर पैसे कनवटीलाच राहू द्यावेत.