प्रपंच आणि परीक्षा

परीक्षा म्हटली कीं डोळ्यांपुढें शाळकरी मूल उभें राहतें. परंतु आज ज्या परीक्षेविषयीं मी बोलणार आहें, तिचा विद्यार्थी पस्तिशी-चाळिशींतला असतो. त्याच्या घरीं शाळेंत जाणारीं मुलें असतात, वडीलधाऱ्यांचें औषधपाणी असतें, आणि दिवसाचे आठ-नऊ तास नोकरींत जातात.

उदाहरणादाखल बँकेंतील कर्मचाऱ्यांची परीक्षा घेऊं. १९२८ सालीं स्थापन झालेली ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स’ ही संस्था आज ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स’ या नांवानें ती परीक्षा घेते. पहिल्या पायरीस ‘जेएआयआयबी’ व पुढील पायरीस ‘सीएआयआयबी’ म्हणतात. २०२३ पासून पहिल्या पायरीचे विषय तिहींचे चार झाले. देशाची अर्थ व वित्तव्यवस्था, बँकव्यवहाराचीं तत्त्वें, हिशेब व वित्तव्यवस्थापन, आणि किरकोळ बँकव्यवहार व संपत्तिव्यवस्थापन असे ते विषय. प्रत्येकास शंभर गुण व दोन तास. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडावयाचें; चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापीत नाहींत.

आतां अडचण कोठें येते तें पाहूं. ‘सलग चार तास मिळाले म्हणजे अभ्यासास बसेन,’ असें बहुतेक परीक्षार्थी म्हणतात, आणि ते चार तास कधींच मिळत नाहींत. परीक्षा बहुधा मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या सुमारास येते. पहिल्या वेळीं मुलांची सुटी व शाळेची नवी सुरुवात, दुसऱ्या वेळीं दिवाळी. फराळ आणि पाहुणे यांतून चार तास काढूं पाहणारी व्यक्ति निराश न झाली तरच नवल.

सुदैवानें स्मरणशक्तीस सलग चार तास लागतही नाहींत. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें १८८५ सालीं स्वतःवर प्रयोग करून दाखविलें कीं, शिकलेलें आपण प्रथम झपाट्यानें व मग सावकाश विसरतों. पुढें २००६ सालीं रोडिगर व कार्पिके या अमेरिकन संशोधकांनीं विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. कांहींनीं तोच पुन्हां वाचला. कांहींनीं तो बाजूस ठेवून आठवेल तेवढें लिहून काढलें. आठवड्यानंतर पुन्हां वाचणाऱ्यांच्या स्मरणांत सुमारें ४२ टक्के मजकूर उरला होता, तर आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणांत सुमारें ५६ टक्के.

प्रापंचिक माणसास याचा मोठा उपयोग आहे. वाचण्यास पुस्तक, प्रकाश व निवांतपणा लागतो. आठवण्यास यांपैकीं कांहींच लागत नाहीं. कुकरच्या शिट्या मोजतांना किंवा लोकलमध्यें उभ्यानें स्वतःस विचारावें, ‘धनादेश किती दिवस चालतो?’ तीन महिने. ‘सहाचे तीन महिने केव्हांपासून झाले?’ १ एप्रिल २०१२. उत्तर अडलें तर तेवढेंच रात्रीं पाहावें. असे दहा-दहा मिनिटांचे तुकडे उजळणीस पुरतात.

नवा व अवघड भाग मात्र तुकड्यांनीं साधत नाहीं. ताळेबंद समजून घेण्यास दररोज पाऊण तास तरी अखंड हवा, आणि तो घरानें द्यावयाचा असतो. येथें एक अप्रिय गोष्ट बोलणें भाग आहे. वडील अभ्यासास बसले कीं घर कुजबुजत बोलूं लागतें. आई बसली कीं तिला पाणी कोठें, मोजे कोठें, असें विचारण्यास सर्वजण येतात. परीक्षा दोघांचीही तीच असते. म्हणून घरांतील सर्वांनीं एकत्र बसून ठरवावें कीं, या पाऊण तासांत स्वयंपाकघर कोण पाहील, आजींचीं औषधें कोण देईल, धाकट्याचा गृहपाठ कोण घेईल. याला मदत किंवा उपकार म्हणूं नये. ती घरकामाची वांटणी आहे. आणि तिला परीक्षेच्या तारखेची मर्यादा असावी. शेवट ठाऊक असला म्हणजे मुलेंही आनंदानें सहन करतात.

तरीही आजारपण किंवा बदली आडवी आली तर काय करावें? प्रत्येक विषयांत ५० गुण मिळाले कीं तो विषय सुटतो, आणि सुटलेला विषय नियमांतील मुदतीपर्यंत जमेस राहतो. अशा वेळीं चारही विषयांस बसावें, परंतु तयारीचा जोर दोहोंवरच ठेवावा. दोन विषय पक्के करून पुढील खेपेस उरलेले दोन सोडविणें ही माघार नव्हे. चारही अर्धवट करून, चिडून, घरांतील माणसांशीं अबोला धरण्यापेक्षां तें किती तरी बरें.

तेव्हां ज्यांच्या घरीं असा परीक्षार्थी आहे, त्यांनीं आज जेवणानंतर भिंतीवरील दिनदर्शिका खालीं काढावी, परीक्षेच्या तारखेवर खूण करावी, आणि रोजचा पाऊण तास कोणता तें सर्वांच्या समक्ष तीवर लिहून ठेवावें.