पांघरूण घालणं म्हणजे प्रेम नव्हे

आधी पाकिटातल्या नोटा कमी होतात. मग देवघरातलं चांदीचं निरांजन दिसेनासं होतं. घरची बाई कामवालीवर संशय घेते. पण आपल्याच मुलाच्या गादीखाली चांदीच्या कागदाचे काळवंडलेले तुकडे सापडतात, तेव्हा तिच्या पायांखालची जमीन सरकते. आणि पहिला विचार मनात येतो, "ह्यांना कळता कामा नये!"

१९८० नंतरच्या काही वर्षांत मुंबईत गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं, व्यसन पसरलं. त्याच सुमारास, १९८१ साली, वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी 'कृपा' ही संस्था सुरू केली. दारूच्या व्यसनातून ते स्वतः बाहेर पडलेले, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. बोट दाखवणाऱ्यापेक्षा त्याच वाटेवरून परत आलेला माणूस समोर बसला, की व्यसनी माणसाला बोलावंसं वाटतं.

चर्चचं काम म्हटल्यावर तुमच्या मनात शंका येईल. पण कृपाचं दार सर्व धर्मीयांना उघडं आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्या इथे शिकवतात. त्यांत देव ज्याचा त्याने मानायचा. फादर हे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य, त्यामुळे योगासनंही उपचारातच आली!

आता आपल्याविषयी. नवरा पिऊन पडलेला असताना "त्यांना ताप आलाय" असा ऑफिसात फोन कोण करतं? मुलाची उधारी गुपचूप कोण फेडतं? आपणच ना? मायेपोटी करतो, पण त्यामुळे व्यसनाची किंमत त्याला मोजावीच लागत नाही. म्हणून तर व्यसनींच्या घरच्यांसाठी १९५१ साली अल-ॲनॉन ही वेगळी संघटना निघाली. तिथे बायका एकमेकींना मन मोकळं करून सांगतात, आणि खोटं बोलणं थांबवायला शिकतात.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. गर्द बंद केली, की नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात कळा, अंग ठणकणं सुरू होतं. याला 'टर्की' म्हणतात. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर जिवावरही बेतू शकतं. तेव्हा खोलीत कोंडून घरगुती उपाय नकोत, डॉक्टरच हवेत.

दुसरी गोष्ट, बरा होऊन आलेला माणूस पुन्हा घसरू शकतो. तोवर शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे गर्दच्या पूर्वीच्याच मात्रेने प्राण जाऊ शकतो. अशा वेळी "तुझं तोंड पाहणार नाही" म्हणू नका. पैसे देऊ नका, पण उपचाराची वाट उघडी ठेवा.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्तीच्या क्रमांकावर फोन करा. आणि त्याआधी, आजच संध्याकाळी, 'ह्यांना' सांगून टाका. एकटीने झाकत बसण्याइतकं हे दुखणं लहान नाही.