सातासमुद्रापलीकडे, तरी हाकेच्या अंतरावर

मराठी माणसाला दूरदेशीच्या वास्तव्याचे नवल नाही. गायकवाडांच्या मागोमाग बडोद्यास, होळकरांबरोबर इंदुरास आणि शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरीस येऊन स्थिरावलेल्या आपल्या पूर्वजांनी देशावरच्या आप्तांशी नाते राखले ते खुशालीच्या पत्रांवर. पुढे दूरध्वनी आला. पण १९६० साली लखनौ-कानपूर मार्गावर देशातील पहिली थेट ट्रंक सेवा सुरू झाली, त्यानंतरही कित्येक वर्षे बहुतेक गावी ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे. आता त्याच घरांतील मुले-मुली न्यू जर्सी, टोरांटो, दुबईस जातात आणि रोज पडद्यावर दिसतात. मात्र एखादे दिवशी फोन लागला नाही की घरातील वडीलधाऱ्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. साधने वाढली तसा आपला धीर कमी झाला. म्हणूनच परदेशगमनाच्या तयारीत लोणची-मसाल्यांच्या बरण्यांइतकेच लक्ष फोनच्या व्यवस्थेकडे पुरवावे, असे आम्हास वाटते.

जुना क्रमांक सोडू नये

तेथे गेल्यावर नवा क्रमांक मिळतोच. मग येथला कशाला, असे तरुणांना वाटते. परंतु आज मोबाइलचा क्रमांक हा केवळ बोलण्यापुरता राहिलेला नाही. बँक, आधार, प्राप्तिकर, विमा या साऱ्यांची कुलपे त्याच क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीने उघडतात. प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि काही काळाने दुसऱ्याच ग्राहकाला दिला जातो. आपले व्हॉट्सॲप त्या क्रमांकावर असेल तर नवा मालक त्यावर हक्क सांगू शकतो. मग आई ज्या नावाखाली लेकीला निरोप धाडते, तेथे कोणी परकाच उत्तर द्यावयाचा!

म्हणून निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग येथेच चालू करून घ्यावे, रिचार्जची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि परदेशात इंटरनेटचे रोमिंग बंद ठेवावे. नाही तर बिल पाहून डोळे पांढरे होतील. एका फोनमध्ये दोन सिमकार्डांची सोय असल्यास उत्तम. मात्र अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये २०२२ पासून, म्हणजे आयफोन १४ पासून, सिमकार्डासाठी खाचच नसते. तेथे तसा फोन घ्यावयाचा असेल तर येथला क्रमांक आधीच ई-सिमवर करून घ्यावा.

परदेशी स्थायिक होणाऱ्याने आपले बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावयाचे असते. त्याच वेळी बँकेत परदेशी क्रमांक नोंदवता येतो का, हेही विचारावे. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती आदी दहा देशांतील क्रमांकांवरून अनिवासी खात्यांना यूपीआय वापरण्याची मुभा देण्यात आली.

अडीअडचणीची रात्र

आता घरच्या टोकाचा विचार करू. समजा, मध्यरात्री वडिलांच्या छातीत दुखू लागले आणि आईने घाबरून लेकाला टोरांटोस फोन लावला. त्याने तेथून १०८ किंवा ११२ फिरवून बडोद्याची रुग्णवाहिका यावयाची नाही. असे छोटे क्रमांक ज्या त्या देशापुरतेच असतात. अशा वेळी त्याच्यापाशी शेजाऱ्यांचा, घरच्या डॉक्टरांचा आणि जवळच्या रुग्णालयाचा पूर्ण क्रमांक हवा. स्थिर दूरध्वनी असेल तर गावाच्या संकेतातील आरंभीचे शून्य गाळून त्याआधी ९१ लावावे. बडोद्याचे ०२६५ मग ९१-२६५ होते, इंदूरचे ०७३१ ते ९१-७३१. आईलाही हे पक्के ठाऊक असावे की प्रथम १०८, मग शेजारी आणि त्यानंतर मुलगा.

हे सारे क्रमांक ठळक अक्षरांत कागदावर लिहून फोनजवळ भिंतीस लावावेत. फोन बिघडला तरी भिंत बिघडत नाही. शेजाऱ्यांना घराची एक किल्ली आणि मुलाचा परदेशातील क्रमांक देऊन ठेवावा. शेजारधर्म अजून आपल्या वाड्यांतून आणि सोसायट्यांतून नाहीसा झालेला नाही. त्याला फक्त आगाऊ सांगून ठेवावे लागते.

आणखी एक सावधगिरी. ‘तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा’ असे सांगणारे भामटे एकट्या वृद्धांनाच हेरतात. यासाठी घरच्यांनाच ठाऊक असा एक शब्द ठरवून ठेवावा. तो शब्द न सांगणाऱ्याचा फोन खुशाल ठेवून द्यावा आणि मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण होऊन विचारावे.

घड्याळाशी मैत्री

न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, तर हिवाळ्यात साडेदहा तास असते. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हा बदल होतो. येथे सायंकाळचे साडेसात वाजले, देवापुढे दिवा लागला, की तेथे उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ. दुबई मात्र बारा महिने दीड तासच मागे. या हिशेबाने आठवड्याची एक वेळ ठरवावी आणि ती पाळावी. रोज वाट पाहण्यात जीव टांगणीला लागतो. ठरलेल्या रविवारची वाट पाहण्यात आनंद असतो.

वाचकहो, दूर गेलेल्यांपर्यंत आपली हाक पोहोचावी ही जशी आईवडिलांची इच्छा, तशीच ती पोहोचेल अशी सोय करणे हे जाणाऱ्याचे कर्तव्य होय. ही सोय विमानतळावर घाईघाईने होत नाही. निघण्यापूर्वी एक दुपार घरी निवांत बसून, आईवडिलांच्या हाताने दोनदा फोन लावून पाहावा. सामानाच्या वजनात तिचा भार पडत नाही, पण मागे राहणाऱ्यांच्या मनावरचा भार तिने निश्चित उतरतो.