शॉवरचा पंप बसवावा कुठे?

पुण्या-मुंबईच्या जुन्या इमारतींत सर्वांत वरच्या मजल्यावर राहिलेल्यांना हा अनुभव नवा नाही : टाकी डोक्यावरच, पण शॉवरला धार नाही. मग आहेच बादली आणि तांब्या! ऑस्ट्रेलियात आल्यावर हे संपले असे वाटते. पण इथल्या काही जुन्या घरांत गरम पाण्याची टाकी सीलिंगच्या वर, छपराखाली असते आणि तिथे ते दुखणे पुन्हा भेटते.

हिशेब साधा आहे. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे ९८ किलोपास्कल. टाकीतील पातळी शॉवरपेक्षा जेमतेम १ मीटर वर, म्हणजे दाब १० किलोपास्कलच्या आसपास. थंड पाणी मात्र थेट रस्त्यावरच्या मुख्य नळातून येते. नियमाप्रमाणे त्याचा दाब ५०० किलोपास्कलपर्यंत असू शकतो. एका मिक्सरमध्ये दोघे भेटले की थंड पाणी गरम पाण्याला मागे रेटते.

आमच्या घरी यावर पंप आला, आणि तो बसला बाथरूमच्या वर, टाकीपासून लांब. 'जिथे पाणी हवे तिथे पंप' हे सर्वांना पटले होते. (मलाही. डॉक्टरेट अशा वेळी उपयोगी पडत नाही.) पंप घरघरत राहिला, शॉवर फुरफुरत राहिला आणि काही महिन्यांत सील गेले.

कारण असे. साधा सेंट्रिफ्यूगल पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चा. त्याच्यात हवा शिरली की संपले. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी, पंखा ती नुसती घुसळत बसतो. त्यातून पाणी गरम. तापलेल्या पाण्यातून विरघळलेली हवा बाहेर पडते, आणि ६० अंशांचे पाणी सुमारे २० किलोपास्कल निरपेक्ष दाबालाच उकळू लागते. लांब, अरुंद, कोपऱ्याकोपऱ्यांच्या नळीतून ते ओढले की पंपाच्या तोंडाशी बुडबुडे होतात. म्हणून पंप टाकीच्या खाली, टाकीजवळ. येणारी नळी रुंद, आखूड, आणि मध्ये हवा साठेल असा उंचवटा नाही. खाली रबरी पाय आणि दोन्ही बाजूंना लवचीक नळ्या, नाहीतर पहाटे सारे घर जागे होते.

सुरू होण्याचेही एक गणित आहे. बरेच पंप पाणी आपोआप वाहू लागल्यावरच चालू होतात. शॉवरचे तोंड टाकीतील पातळीच्या वर असेल तर पाणी वाहतच नाही. तिथे दाबावर चालणारा प्रकार लागतो.

खरी काळजी भाजण्याची. लिजनेला जंतूंमुळे टाकीतले पाणी ६० अंशांवर ठेवावे लागते, पण बाथरूममध्ये ते ५० अंशांपेक्षा गरम येता कामा नये. त्यासाठी टेंपरिंग व्हॉल्व्ह असतो. गरम-थंडाच्या दाबांत मोठी तफावत असेल तर तो नीट चालत नाही. भारतातून आलेले आई-वडील अंघोळीला असताना हे प्रयोग नकोत. नळकाम परवानाधारक प्लंबरचे, वीजजोडणी इलेक्ट्रिशियनची. सेफ्टी स्विच आहे ना, हेही विचारून घ्या.

आणि टाकी म्हातारी झाली असेल तर पंपाचा भाव विचारण्याआधी मुख्य नळाच्या दाबावर चालणाऱ्या नव्या हीटरचा विचारा. आम्ही तो दुसऱ्या वर्षी विचारला.