चष्म्याची प्रगामी भिंगे

चष्म्याची प्रगामी भिंगे : ज्यांची शक्ती वरून खाली क्रमाक्रमाने वाढत जाते व त्यामुळे दूरच्या, मधल्या आणि जवळच्या वस्तू एकाच भिंगातून स्पष्ट दिसतात, अशी भिंगे. वयोमानानुसार नेत्रभिंगाची लवचिकता घटून जवळचे अक्षर अंधुक दिसू लागते. चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ हे नाव पडले ते यामुळेच. द्विकेंद्री भिंगात दोन शक्तींचे भाग रेषेने विभागलेले असतात. या रेषेपाशी प्रतिमा उडी घेते आणि हातभर अंतरावरील वस्तूंची सोय त्यात नसते.

प्रगामी भिंगाचे एकस्व इंग्लंडमध्ये ओवेन एव्हज यांनी १९०७ मध्ये घेतले. पण व्यवहारोपयोगी भिंग फ्रेंच अभियंते बेर्नार मेतनाझ यांचे. ते १९५९ मध्ये ‘व्हॅरिलक्स’ नावाने बाजारात आले.

सर्व रचनांवर एकच गणितीय बंधन आहे. शक्ती बदलणाऱ्या मध्यवर्ती मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना अबिंदुकता अटळपणे उद्‌भवते आणि मार्गिकेलगत तिच्या वाढीचा दर शक्तिवाढीच्या दराच्या दुप्पट असतो (मिंकविट्‌झ, १९६३). समजा, २ डायॉप्टर वाढीव शक्ती १६ मिमी. लांबीच्या मार्गिकेत समान दराने वाढते. दर मिमी.ला शक्ती ०·१२५ व बाजूची अबिंदुकता ०·२५ डायॉप्टरने वाढेल. अर्धा डायॉप्टर दोष सुसह्य मानल्यास स्वच्छ पट्टा सु. ४ मिमी. रुंद मिळतो. मार्गिका १० मिमी. केल्यास तो २·५ मिमी.च उरतो. लहान चौकटीच्या हौसेची किंमत ती हीच.

दोष नाहीसा करता येत नाही, तो कोठे ठेवावयाचा एवढेच रचनाकाराच्या हाती असते. ‘कठोर’ रचनेत दूरचे व जवळचे क्षेत्र विस्तृत ठेवून दोष बाजूंच्या लहान भागांत कोंबलेला असतो. पहिले व्हॅरिलक्स याच वळणाचे होते. दीर्घकाळ वाचन करणाऱ्यास ही रचना मानवते, मात्र मान वळविताना कडेची दृश्ये डोलल्यासारखी भासतात. ‘मृदू’ रचनेत दोष विस्तृत भागावर पातळ पसरलेला असल्याने डोलणे कमी व सवय लवकर होते. पण पूर्ण स्वच्छ क्षेत्रे आकुंचित होतात. प्रथमच प्रगामी भिंग वापरणाऱ्यास, विशेषतः वाढीव शक्ती कमी असताना, मृदू रचना इष्ट होय. वाचताना डोळे नाकाकडे वळतात. म्हणून जवळचे क्षेत्र सु. २ ते २·५ मिमी. आत सरकविलेले असते आणि उजवे-डावे भिंग वेगवेगळे घडवितात.

संगणकनियंत्रित यंत्रांमुळे हल्ली मागील पृष्ठही व्यक्तीच्या मापानुसार घडविता येते. त्यामुळे तिरप्या दृष्टीचे दोष घटतात, परंतु वरील बंधन सुटत नाही. ‘कडेपर्यंत स्वच्छ’ असे दावे म्हणूनच ग्राह्य नव्हेत. बाहुलीची उंची व प्रत्येक डोळ्याचे नाकापासूनचे अंतर चुकीचे मोजल्यास महागडे भिंगही निरुपयोगी ठरते.

जिना उतरताना पायरी भिंगाच्या खालच्या, वाचनाच्या भागातून अंधुक दिसते. हा धोका द्विकेंद्री भिंगांतही असतो. अशी बहुशक्ती भिंगे वापरणाऱ्या वृद्धांना चालण्यासाठी केवळ दूरदृष्टीचा वेगळा चष्मा देऊन केलेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत (२०१०), बाहेर नियमित वावरणाऱ्यांचे तोल जाऊन पडणे कमी झाले. बहुतांशी घरातच राहणाऱ्यांचे घराबाहेरील पडणे मात्र वाढले. त्यामुळे दुसरा चष्मा सरसकट न सुचविता रुग्णाचा दिनक्रम विचारून मगच सुचविणे योग्य ठरते.